आधी निवडावं, मग हात लावावा

थंडीत मेथी स्वस्त झाली की आमच्या घरात संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून भाजी निवडण्याचा कार्यक्रम असतो. या वेळी दिवाळीला नातू आला होता, तोही बसला. पाच मिनिटांत त्याची जुडी संपली. बघते तर पानं, देठ, मुळं, दोऱ्याचा तुकडा, सगळं एका परातीत! म्हटलं, "अरे, याला निवडणं म्हणतात होय? नुसती जुडी सोडलीस तू." त्यावर तो म्हणाला, "आजी, तू कॉम्प्युटरवर टेक्स्ट सिलेक्ट करतेस ना, तेव्हाही अशीच वेळ लावतेस. ओढायचं आणि डिलीट करायचं, त्यात काय एवढं?"

तेव्हा मी गप्प बसले. पण "त्यात काय एवढं" याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर बसून मिळालेलं आहे. आज ते लिहूनच टाकते.

आधी थोडं मास्तरकीचं. (सवय जात नाही, सोसून घ्या.)

संगणकावर मजकूर निवडणं म्हणजे माऊस धरून ओढणं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मलाही निवृत्तीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं तेवढंच येत होतं. हात थरथरतो, शेवटचा पूर्णविराम सुटतो, नाहीतर पुढच्या ओळीचं शेपूट आत येतं. मग कळलं की या यंत्राला आपण ओढून दाखवायची गरजच नसते. त्याला शब्द, वाक्य, परिच्छेद हे कळतं, निदान त्याच्या पद्धतीनं कळतं. वर्डमध्ये शब्दावर दोनदा टिचकी मारली की तो शब्द निवडला जातो आणि तीनदा मारली की अख्खा परिच्छेद. कंट्रोल दाबून एकदा मारली की वाक्य. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे दोन टिचक्यांना शब्द, तीनला वाक्य आणि चारला परिच्छेद. वर्डमध्ये एफ-आठ नावाची एक की आहे, तिची तर मला फार गंमत वाटते. पहिल्यांदा दाबली की ती तयार होते, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद आणि पाचव्यांदा सगळा मजकूर. आम्ही व्याकरण याच पायऱ्यांनी शिकवत होतो!

पण यंत्राची समजूत आणि आपली समजूत एकच असते असं नाही. तिथेच घोळ होतात.

आता शब्दच घ्या. "घरासमोर" या शब्दावर दोनदा टिचकी मारली की अख्खा "घरासमोर" उचलला जातो. हिंदीत "घर के सामने" असे तीन सुटे शब्द असतात, त्यातला "घर" वेगळा उचलता येतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. मी एकदा लेखात "घर" काढून सगळीकडे "शाळा" घालायचं ठरवलं. यंत्रानं इमानेइतबारे "शाळाासमोर" करून ठेवलं! एक दुपार "घरासमोर", "घरात", "घराला" एकेक शोधून "शाळेसमोर", "शाळेत", "शाळेला" करण्यात गेली. शब्द कुठे संपतो हे यंत्राला दिसतं, तो आतून कसा बदलतो हे दिसत नाही.

वाक्याचंही तसंच. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी यांना देतात. पूर्वी शाळेत मुलांना मी म्हणायची, पूर्णविराम दिला नाहीत तर वाचणाऱ्याचा श्वास कोंडेल. आता म्हणते, यंत्राचंही तेच होईल. वाक्य कुठे संपलं हे त्याला मुख्यतः पूर्णविराम आणि त्यापुढची मोकळी जागा यांवरूनच कळतं. त्यामुळे "डॉ." किंवा "कै." आलं की ते तिथेच वाक्य संपलं असं धरू शकतं. (हा "कै." लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

सर्वांत फसवी ती ओळ. आमच्या ह्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत टाइपरायटरवर गेली. घंटी वाजली की ओळ संपली, दांडा ढकलायचा. संगणकावरही हे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायचे. दिसायला पान अगदी नेटकं. पण त्यांच्या आठवणी पुस्तकाच्या आकारात बसवायला घेतल्या आणि समास जरा बदलला, तर प्रत्येक ओळीचे दोन तुकडे झाले, एक लांब आणि एक आखूड. परिच्छेद निवडायला तीन टिचक्या माराव्यात तर एकच ओळ उचलली जायची. कारण यंत्राच्या लेखी प्रत्येक एंटर म्हणजे नवा परिच्छेद. बिचाऱ्याचं काय चुकलं? आपणच त्याला तसं सांगितलं होतं. ती पानं सरळ करायला मला एक महिना लागला.

शब्द, वाक्य, ओळ, परिच्छेद यांपलीकडे निवडीचा अजून एक प्रकार आहे, तो म्हणजे उभा. चौकोनी म्हणा हवं तर. साधी निवड कशी जाते? या ओळीच्या मधून सुरू झाली की ओळीच्या शेवटापर्यंत, मग पुढची पूर्ण ओळ, असं करत जाते, जसं आपण वाचतो तसं. पण अल्ट की दाबून माऊस ओढला तर वर्डमध्ये आणि इतरही बऱ्याच एडिटरांमध्ये सरळ उभा चौकोन निवडता येतो. पन्नास ओळींची फक्त पहिली चार अक्षरं, बाकी ओळ तशीच. हे मला एका माजी विद्यार्थ्यानं दाखवलं तेव्हा मी थक्कच झाले. यादीपुढचे आकडे पुसायचे असले की एका फटक्यात साफ! (देवनागरीत मात्र सांभाळावं लागतं. आपलं "क्ष" रुंद आणि काना अरुंद. त्यामुळे वरच्या ओळीतलं दहावं अक्षर आणि खालच्या ओळीतलं दहावं अक्षर एकाखाली एक येईलच असं नाही, आणि चौकोनाची कड कुणाच्या तरी नावाच्या पोटातून जाते.)

आता ती गोष्ट.

2019 सालची. मी ज्या शाळेत होते तिथली 1989 ची दहावीची तुकडी तीस वर्षांनी एकत्र जमणार होती. मुलं (मुलं कसली, पंचेचाळिशीची माणसं) घरी आली आणि म्हणाली, बाई, पत्रिकेचं काम तुम्हीच करा, तुमच्याशिवाय शुद्धलेखन कोण बघणार? मी खूश. तुकडीत अठ्ठावन्न जण. जुन्या हजेरीच्या क्रमानं मी सगळी नावं मराठीत टाइप केली, एका ओळीत एक. माझ्या डोक्यात अजूनही ही मुलं नंबरानंच आहेत. बावीस नंबर खिडकीजवळ, तेवीस नंबर त्याच्या बाकावर.

एका मुलानं सगळ्यांना फोन करून त्याची स्वतःची यादी मला पाठवली. त्यात डावीकडे खूण आणि पुढे इंग्रजीत नाव. येणाऱ्याला "ये", न येणाऱ्याला "ना", आणि जे आता नाहीत त्यांना "कै". मला त्याची इंग्रजी नावं नको होती, नुसत्या खुणा हव्या होत्या. नव्यानं शिकलेली विद्या हातात होतीच. त्याच्या यादीतला खुणांचा उभा पट्टा निवडला, कॉपी केला आणि माझ्या नावांच्या डावीकडे आणून ठेवला. दोन मिनिटांचं काम. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चूक काय झाली ते सांगते. माझ्या प्रत्येक यादीत पहिली ओळ मथळ्याची असते. त्यामुळे हात आपोआप दुसऱ्या ओळीपासून सुरू झाला. त्याच्या यादीला मथळाच नव्हता. म्हणजे पहिल्याची खूण राहून गेली, दुसऱ्याची पहिल्याला लागली, तिसऱ्याची दुसऱ्याला, असं करत सगळा पट्टा एक घर वर सरकला. वरच्या पाच-सहा ओळींत सगळे "ये"च होते, त्यामुळे काही खटकलं नाही. सगळ्यात खाली अठ्ठावन्न नंबरपुढे खूण नव्हती. मला वाटलं, तिचा फोन लागला नसेल.

तेवीस नंबर 2011 साली गेला होता. त्याचा "कै" बावीस नंबरला लागला आणि चोवीस नंबरचा "ये" तेवीसला. तसाच एकेचाळीस नंबरचा "कै" चाळीस नंबरच्या मुलीला.

बावीस नंबरसाठी त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू. दंगेखोर पोरगा, पण माझी सायकल पंक्चर झाली की न सांगता काढून आणायचा. दोघांसाठी चार-चार ओळी श्रद्धांजलीच्या लिहिल्या आणि त्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून दिल्या. ज्यांच्यापुढे "ये" होतं त्यांना हातानं नाव-पत्ता लिहून पत्रिका पोस्टात टाकल्या.

सकाळी बावीस नंबरचाच फोन. "बाई, शाळेत असताना छडीनं मारलंत, आता पेनानं मारलंत होय?" तो हसत होता. मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, ती हसत नव्हती. चाळीस नंबर दुबईला असते. तिच्या भावानं फोन केला आणि कोरड्या आवाजात एवढंच म्हणाला, "बाई, आईला बीपी आहे. असं काही लिहिताना आधी विचारत चला." त्याचं बरोबरच होतं.

पत्रिका मात्र पोचायची ती पोचली. तेवीस नंबरच्या धाकट्या भावानं फोन करून सांगितलं की आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि देवापाशी ठेवलं आहे, आता तुम्हीच येऊन तिला काय ते सांगा.

गेले. एसटीनं दोन तास. म्हातारी ओसरीवर बसली होती. मी सगळं सांगायला सुरुवात केली, यादी, खूण, एक ओळ सरकली. तिला त्यातलं काही कळलं नसावं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठ वर्षांत त्याच्या नावानं फक्त बँकेची पत्रं यायची, बाई. हे हातानं लिहिलेलं होतं. मला वाटलं, शाळेत तरी त्याचं नाव अजून हजेरीत असेल." मग तिनं चहा टाकायला सांगितलं. पत्रिका परत मागायचं धाडस मला झालं नाही.

परतीच्या एसटीत मी एकच विचार करत होते. मी एक ओळ चुकले, हे तर खरंच. पण त्याहून मोठी चूक म्हणजे मी निवडीचा प्रकारच चुकीचा घेतला होता. माझ्या यादीत एक ओळ म्हणजे एक माणूस. त्याचं नाव, त्याचं गाव, तो आहे की नाही, हे सगळं एकाच ओळीत राहायला हवं. आडवी ओळ उचलली तर माणूस अख्खा उचलला जातो. उभा पट्टा उचलला की माणसाच्या नावापासून त्याचं नशीब वेगळं होतं, आणि परत जोडताना ते दुसऱ्याच्या नावाला चिकटू शकतं. अठ्ठावन्न ओळी एकेक करून खुणा घातल्या असत्या तर अर्धा तास लागला असता. तेवीस नंबरवर आल्यावर मी थांबले असते. त्याचं नाव आणि ती खूण एकत्र वाचली असती.

नातवाला हे सगळं सांगितलं, तर त्याचं म्हणणं, "आजी, कंट्रोल-झेड आहे ना! चुकलं तर परत फिरवायचं. आणि आता तर एआयला सांगितलं की ते याद्या जुळवून देतं." परत फिरवता येतं हे खरं, पण चूक दिसली तर. पुसलं गेलेलं दिसतं, सरकलेलं दिसत नाही. माझी यादी पूर्ण दिसत होती, नेटकी दिसत होती, फक्त खरी नव्हती. आणि एआयला सांगायचं तरी काय, हे मला आधी ठरवावं लागतंच की. मी जर पहिली ओळ मथळा आहे असं सांगितलं असतं, तर त्यानंही तसंच केलं असतं.

या विषयातली एक जुनी गोष्ट त्यानंच मला सांगितली. 1974 च्या सुमारास अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा एडिटर तयार झाला. त्यात एकेक अक्षर म्हणजे एकेक आज्ञा. लिहिण्याच्या अवस्थेत नसताना कुणी भाबडेपणानं इंग्रजीतला "एडिट" हा शब्द टाइप केला की ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पुस, आय म्हणजे नवीन घाल, आणि मग राहिलं एकटं टी! अख्ख्या लेखाच्या जागी एक अक्षर. तिथेच काम करणारे लॅरी टेस्लर या असल्या वेगवेगळ्या अवस्थांच्या फार विरोधात होते. टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी जिप्सी नावाचा एडिटर केला. आधी मजकूर निवडा, तो ठळक दिसू दे, मग त्याचं काय करायचं ते सांगा, ही आज आपल्या हातात बसलेली पद्धत त्यात होती. टेस्लर 2020 साली गेले. कट-पेस्ट करणाऱ्या प्रत्येकानं त्यांची आठवण ठेवायला हवी.

नातू स्वतः व्हिम नावाचा एडिटर वापरतो. त्यात मूळ पद्धत उलटी आहे. डी दाबून डब्ल्यू, म्हणजे "पुस, शब्द". आधी क्रिया, मग कर्म. मी म्हटलं, हे तर इंग्रजी वाक्य झालं! आपण "आंबा खा" म्हणतो, आधी आंबा, मग खाणं. त्यावर त्यानं दाखवलं की त्यातही आधी निवडायची सोय आहे, आणि तिचे चक्क तीन प्रकार आहेत. लहान व्ही दाबला की अक्षरांनुसार, मोठा व्ही दाबला की पूर्ण ओळी, कंट्रोलसह व्ही दाबला की उभा चौकोन. निवड करण्याआधीच, तुम्हाला कुठल्या प्रकारची करायची आहे ते सांगावं लागतं. मला हे फार आवडलं. त्या रात्री मला असं कुणी विचारलं असतं तर!

म्हणून माझं मत असं. शाळांमध्ये संगणकाच्या तासाला मुलांना अक्षर रंगीत कसं करायचं, चित्र कसं चिकटवायचं हे लवकर शिकवतात. निवडायचं कसं, हे आपोआप येईल असं धरून चालतात. ते आधी शिकवावं, आणि खुशाल मराठीच्या तासाला शिकवावं. वाक्यपृथक्करण शिकवतानाच दाखवावं की हा शब्द, हे वाक्य, हा परिच्छेद, आणि हा उभा पट्टा, जो व्याकरणात कुठेच बसत नाही म्हणून त्याला जास्त जपायचं. कशाबरोबर काय राहायला हवं, हे ठरवण्याचा तो धडा आहे. संगणक नसला तरी तो उपयोगी पडेल.

मी स्वतः आता काय करते? आधी मनात म्हणते, मला काय हवंय? शब्द हवा असेल तर दोन टिचक्या, ओढाओढी नाही. निवडल्यावर लगेच हात लावत नाही. ठळक झालेल्या भागाची पहिली ओळ वाचते, शेवटची वाचते आणि मधली एक वाचते. उभा पट्टा असेल तर दोन्हीकडच्या ओळी मोजते. आणि यादी माणसांची असेल तर उभा पट्टा घेतच नाही. माणसं आडवी, एकेक करून, नावासकट.

हो, मेळाव्याचं राहिलंच. मेळावा छान झाला. बावीस नंबर आला होता, सगळ्यांत जास्त तोच नाचला. सुरुवातीला मुलांनी हट्ट धरला की बाईंनी हजेरी घ्यावी. मी हातात कागद घेतला, छापलेला नव्हे, हातानं लिहिलेला. तेवीस नंबर आला तेव्हा क्षणभर थांबले आणि त्याचं नाव घेतलं. मागच्या रांगेतून त्याचा धाकटा भाऊ "हजर" म्हणाला. त्याला कोणी बोलावलं होतं मला माहीत नाही. पत्रिका त्याच्या हातात होती.

असो. मेथी अजून अर्धी राहिली आहे, आणि नातवाची परात पुन्हा निवडायची आहे.